मिठात सोडियमचा जोडीदार नेमका कोणता? (दहावी, आयनिक बंध)

तासगावची_लेक | शनिवार, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. मी सांगलीत विश्रामबागला राहते. मुलगा यंदा दहावीला आहे आणि धातुविज्ञानाच्या धड्यातल्या आयनिक संयुगांवर आमची गाडी तीन दिवस अडली आहे.

सोडियमचं संरूपण, म्हणजे कवचांतल्या इलेक्ट्रॉनांची मांडणी, २, ८, १ आणि क्लोरीनचं २, ८, ७. सोडियमनं एक इलेक्ट्रॉन दिला, क्लोरीननं घेतला, दोघांची अष्टकं, म्हणजे बाहेरच्या कवचातले आठ इलेक्ट्रॉन, पूर्ण झाली. एक धन भाराचा कण म्हणजे धन आयन, एक ऋण आयन, आणि विद्युतस्थितिक आकर्षणानं ते धरून राहिले. इथवर त्याचं पाठ आहे. पण काल जेवताना पानातल्या मिठाकडे बघत म्हणाला, "आई, यातला कुठला सोडियम कुठल्या क्लोरीनचा, हे कसं ओळखायचं?" मला उत्तर देता आलं नाही.

आज दुपारी त्यानं नऊ व्होल्टची बॅटरी, एक एलईडी, रेझिस्टर आणि पेन्सिलीतली दोन शिसं घेऊन प्रयोग केला. वाटीभर कोरड्या मिठात शिसं खुपसली. दिवा लागला नाही. मग चमच्यानं थोडं थोडं पाणी घालत गेला आणि तिसऱ्या चमच्याला दिवा लागला. आता त्याचा दुसरा प्रश्न असा, की आयन कोरड्या मिठातही आहेतच ना? मग पाणी घालेपर्यंत ते काय करत होते?

जाणकारांनी समजेल असं सांगा. मी कॉमर्सची आहे.

आयर्विन_पूल | शनिवार, रात्री ९.२५

ताई, पुस्तकात आहे तेवढं लिहायला सांगा. स्थायूरूपात आयन जागचे हलत नाहीत म्हणून वीज वाहत नाही, द्रावणात हलतात म्हणून वाहते. परीक्षेला एवढं पुरतं.

तासगावची_लेक | शनिवार, रात्री ९.३१

हो दादा, ते वाक्य त्याला येतं. का हलत नाहीत, हे विचारतोय.

विट्याचे_सर | शनिवार, रात्री १०.०५

ताई, चिरंजीवांना माझी शाबासकी सांगा. मी पस्तीस वर्षं अकरावी-बारावीला रसायन शिकवलं, पण हा पहिला प्रश्न विचारणारी मुलं मला बोटावर मोजण्याइतकीच भेटली.

कुठलाच सोडियम कुठल्याच क्लोरीनचा नसतो. मिठाच्या खड्यात प्रत्येक सोडियम आयनाला सहा क्लोराईड शेजारी असतात. वर, खाली, पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे, आणि सहाही सारख्याच अंतरावर. प्रत्येक क्लोराईडभोवतीही तसेच सहा सोडियम. धन भाराची ओढ सगळ्या बाजूंना सारखीच असते. इलेक्ट्रॉन मुळात कुणाकडून आला याची क्लोराईडवर कसलीच खूण राहत नाही. म्हणून मिठाचा रेणू नसतो. सोडियम क्लोराईड हे सूत्र आपल्याला फक्त एकास एक हे प्रमाण सांगतं.

ब्रॅग या शास्त्रज्ञ पितापुत्रांच्या क्ष-किरणांच्या कामातून १९१३ साली ही मांडणी उघड झाली. मोठमोठ्या लोकांनाही ती पटायला जड गेली. हेन्री आर्मस्ट्राँग या इंग्रज रसायनशास्त्रज्ञानं १९२७ सालीसुद्धा 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात पत्र लिहून बुद्धिबळाच्या पटासारखी ही रचना मानायला नकार दिला होता. मिठात जोडी शोधणारा तुमचा मुलगा एकटा नाही.

आता दुसरा प्रश्न. प्रत्येक आयन सहा विरुद्ध भारांच्या मध्ये अडकलेला आहे. आषाढीच्या गर्दीत मंडपात उभा असलेला माणूस जागच्या जागी हलू शकतो, पण दोन पावलं पुढे जाऊ शकत नाही, तसं. वीज वाहायची तर भार इकडून तिकडे गेला पाहिजे. पाण्याचे रेणू आयनाभोवती कोंडाळं करून त्याला सुटा करतात, तेव्हा तो चालायला लागतो.

द्राक्षबाग_पलूस | शनिवार, रात्री १०.२०

सर, आमच्याकडं हे रोज चालतं. बोअरचं पाणी, नदीचं पाणी, पावसाचं पाणी, तिन्हीत ईसी मीटर बुडवायचा. ईसी म्हणजे विद्युत वाहकताच की. पावसाच्या पाण्यात काटा जवळजवळ हलत नाही, बोअरच्या पाण्यात वर जातो. पाण्यात क्षार किती हे मीटरला कसं कळतं याचा विचार कधी केला नव्हता. तो आयनच मोजतो म्हणायचा.

विट्याचे_सर | शनिवार, रात्री १०.२८

अगदी बरोबर. त्याच पाण्यात मूठभर साखर टाकून बघा, मीटर हलणार नाही. साखर विरघळते, पण तिचे अखंड रेणू सुटे होतात, आयन नाहीत. ताई, मुलाला हाही प्रयोग करायला सांगा. डिस्टिल्ड वॉटर घ्या, नळाच्या पाण्यात मुळातच थोडे क्षार असतात.

माणदेशी | शनिवार, रात्री १०.४५

एक सूचना. मिठाच्या पाण्याचा प्रयोग बॅटरीवरच करा, घरातल्या प्लगवर अजिबात नको. शिसांपाशी बुडबुडे येतात, त्यात एका टोकाला हायड्रोजन आणि दुसऱ्या टोकाला थोडा क्लोरीन असतो. ब्लीचिंग पावडरीसारखा वास आला की बॅटरी काढा आणि खिडकी उघडा.

तासगावची_लेक | शनिवार, रात्री १०.५०

वास आला होता! मला वाटलं मोरीत काही सांडलंय. धन्यवाद, उद्यापासून गॅलरीत.

नवी_चूल | रविवार, सकाळी ७.४०

मी गृहिणी आहे, विज्ञान दहावीपर्यंतच. पण मिठाचं एक मला पक्कं ठाऊक आहे. आमच्या सासूबाई नातवंडांची दृष्ट काढतात, मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकतात. खडेमीठ तडतडतं, आणि जितकं तडतडेल तितकी मोठी दृष्ट होती असं म्हणायचं. जाळही क्षणभर पिवळाधमक होतो. पण सकाळी राख काढताना मिठाचे तुकडे राखेत तसेच असतात. साखर टाकली असती तर काळी होऊन जळून गेली असती. मीठ वितळतसुद्धा नाही, ते का?

विट्याचे_सर | रविवार, सकाळी ८.१५

बाई, तुमच्या चुलीत हा अर्धा धडा आहे.

मीठ ८०१ अंश सेल्सिअसला वितळतं. निखाऱ्यांचा लालबुंद गाभा तेवढा तापू शकतो, पण कडेच्या राखेत पडलेल्या खड्याला ती धग पोचत नाही. मीठ वितळायचं म्हणजे एक-दोन बंध सुटून भागत नाही. सगळीकडून धरलेली सगळी मांडणी ढिली व्हावी लागते. साखरेचे रेणू एकमेकांना त्यामानानं हलकेच धरून असतात, आणि तापवल्यावर रेणूच मोडतो, म्हणून ती काळी पडते.

तडतड होते ती खड्यात अडकलेल्या पाण्यामुळे. खडेमीठ मिठागरात तयार होताना खाऱ्या पाण्याचे बारीक थेंब स्फटिकात कोंडले जातात. धग लागली की त्यांची वाफ होते आणि खडा फुटतो. आयनिक स्फटिक कठीण असतो पण ठिसूळही असतो, त्याला वाकणं माहीत नाही. पिवळा रंग सोडियमचा, रस्त्यावरच्या जुन्या सोडियमच्या दिव्यांचा होता तोच.

तारवाला_मिरज | रविवार, सकाळी ९.३०

ठिसूळपणावरून लिहितो. आमचं घर मिरजेत सतारमेकर गल्लीजवळ, लहानपणापासून तारा ओढताना बघतोय. सतारीची तार खुंटीवर चार वेढे घेते, पिळली जाते, ताणली जाते, तरी तुटत नाही. तुटलीच तर फार ताणल्यावर. मिठाचा खडा मात्र अडकित्त्यात धरून जरा दाबला की दोन तुकडे, आणि तुटलेली बाजू आरशासारखी सपाट. दोन्ही स्थायू, दोन्हीत अणू ओळीनं बसलेले. एवढा फरक का?

विट्याचे_सर | रविवार, सकाळी ९.५५

तारेत धातूचे अणू आणि त्यांच्यामधून फिरणारे मोकळे इलेक्ट्रॉन असतात. एक थर दुसऱ्यावरून सरकला तरी इलेक्ट्रॉन दोन्ही थरांना धरूनच राहतात. मिठात थर एका घरानं सरकला की धनासमोर धन आणि ऋणासमोर ऋण येतो. ओढीच्या जागी ढकलणं सुरू होतं आणि त्या रेषेत खडा उकलतो, म्हणून बाजू सपाट. घरात भिंग असेल तर बारीक मीठ काळ्या कागदावर टाकून बघा. दाणे डबीसारखे चौकोनी दिसतात.

आयर्विन_पूल | रविवार, सकाळी १०.१०

सर, तुमचं ज्ञान मान्य आहे, पण मी वेगळं मत मांडतो. दहावीच्या मुलाला "रेणू नसतो" सांगितलं आणि त्यानं पेपरात लिहिलं, तर तपासणारा कसा घेईल? माझ्या मुलीनं एकदा पुस्तकाबाहेरचं बरोबर उत्तर लिहिलं होतं, गुण गेले. पोरगी आठवडाभर नाराज होती. आधी गुण, मग ज्ञान.

विट्याचे_सर | रविवार, सकाळी १०.४०

भाऊ, तुमच्या मुलीचे गुण गेले याचं मला खरोखर वाईट वाटतं. पण इथे पुस्तक आणि सत्य यांचं भांडणच नाही. पुस्तकात धन आणि ऋण आयनांमधलं आकर्षण म्हणजे आयनिक बंध असं आहे, आणि ते बरोबर आहे. जोडीचं चित्र आपण डोक्यात काढतो.

वर्गात मात्र एक वाक्य सर्रास कानी पडतं आणि ते मला खटकतं, "सोडियमला इलेक्ट्रॉन द्यायचाच असतो." नसतो. सोडियमच्या अणूकडून इलेक्ट्रॉन काढून घ्यायला मोलमागे, म्हणजे अणूंच्या एका ठरावीक मोजामागे, ४९६ किलोजूल खर्च येतो. क्लोरीननं तो घेतला की ३४९ किलोजूल परत मिळतात. म्हणजे नुसत्या देवाणघेवाणीत १४७ चा तोटा. शिवाय सोडियम हा घन धातू, त्याचे अणू सुटे करायला १०८ आणि क्लोरीनचा रेणू फोडून त्यातला एक अणू मिळवायला १२१. एकूण ३७६ चा खड्डा पडला. अष्टक पूर्ण झालं म्हणून हा खड्डा भरत नाही. तो भरतो ते सगळे आयन एका जाळीत येऊन बसतात तेव्हा, त्यात ७८७ किलोजूल बाहेर पडतात. ७८७ मधून ३७६ वजा केले की ४११ उरतात, आणि मीठ तयार होताना बाहेर पडणारी ऊर्जा बरोबर तेवढीच मोजली जाते.

म्हणून मी म्हणतो, मीठ टिकतं ते जाळीमुळे. मुलाचा "जोडीदार कोणता" हा प्रश्न थेट तिथेच जातो.

तासगावची_लेक | रविवार, सकाळी ११.०५

सर, हा ताळेबंद मला पहिल्यांदा समजला! खर्च ७२५, जमा ३४९ अधिक ७८७. आम्हा कॉमर्सवाल्यांना असंच सांगायला हवं होतं.

गणपती_पेठ | रविवार, दुपारी १.२०

माझं किराणा दुकान आहे. ऑगस्ट २०१९ च्या पुरात दुकानात छातीभर पाणी होतं, आठवडा गेला. पाणी ओसरल्यावर शटर उघडलं तेव्हा मिठाची पोती होती, पण आत मीठ नव्हतं. नुसती रिकामी पोती एकावर एक चिकटून बसलेली. साखरेचंही तेच. मेणबत्त्यांचे पुडे तरंगून माळ्याच्या फळीला अडकले होते, पुसल्यावर विकता आले. तुरटीचे खडे निम्मे झाले होते, कडा गोल गोल. आणि खडूची खोकी भिजून लगदा झाली, पण आतले खडू तसेच.

तेव्हा हिशेब नुकसानीचा होता, आज धागा वाचून वेगळं वाटतंय. मेणाच्या रेणूंना पाणी धरू शकत नाही म्हणून ते विरघळलं नाही, हे कळलं. पण खडू? तो तर आयनिक ना?

विट्याचे_सर | रविवार, दुपारी २.००

आयनिकच. शाळेतला खडू बहुतेक जिप्समचा, म्हणजे कॅल्शियम सल्फेटचा असतो. लिटरभर पाण्यात मीठ साधारण ३६० ग्रॅम विरघळतं, जिप्सम जेमतेम अडीच ग्रॅम. कॅल्शियमवर दोन धन भार, सल्फेटवर दोन ऋण. एकेक भाराच्या जोडीपेक्षा ओढ कितीतरी जास्त, पाण्याला ती सोडवायला जड जाते. "आयनिक संयुगं पाण्यात विरघळतात" हा नियम नाही, कल आहे.

क्ष_किरण | रविवार, दुपारी २.४५

मिरजेत एका रुग्णालयात क्ष-किरण विभागात तंत्रज्ञ आहे. आमच्याकडे अन्ननलिकेच्या तपासणीला रुग्णाला बेरियम सल्फेटचं पांढरं दाट मिश्रण पाजतात. पाण्यात सुटा झालेला बेरियम आयन विषारी आहे. पण बेरियम सल्फेट इतकं कमी विरघळतं की ते पोटातून जसंच्या तसं निघून जातं, आणि फोटोत नलिका पांढरीशुभ्र दिसते. त्याच कपाटाशेजारी सलाईनच्या बाटल्या असतात, लिटरला नऊ ग्रॅम मीठ, पूर्ण विरघळलेलं. एक विरघळतं म्हणून उपयोगी, एक विरघळत नाही म्हणून.

द्राक्षबाग_पलूस | रविवार, दुपारी ४.१०

सर, हे अडीच ग्रॅमचं मला आधी कळलं असतं तर दोन वर्षांपूर्वीचा खर्च वाचला असता. एकाच टाकीत कॅल्शियम नायट्रेट आणि मॅग्नेशियम सल्फेट टाकलं. दोन्ही खतं वेगवेगळी पाण्यात मस्त विरघळतात. एकत्र केली आणि दहा मिनिटांत टाकी ताकासारखी पांढरी. मला वाटलं ढवळायचं राहिलं, म्हणून तसंच सोडलं. आठ दिवसांत ड्रीपर बंद. ॲसिड सोडलं तरी निम्मे सुटलेच नाहीत, ठिबकच्या लॅटरल नळ्या बदलाव्या लागल्या.

विट्याचे_सर | रविवार, दुपारी ४.३५

तुम्ही टाकीत खडू तयार केलात भाऊ. पाण्यात चारही आयन सुटे झाले. कॅल्शियमला सल्फेट भेटला आणि दोघं खाली बसले. ॲसिडनं चुन्याचा थर सुटतो, जिप्समचा सहज सुटत नाही. कॅल्शियमची टाकी कायम वेगळी ठेवा, सल्फेट आणि फॉस्फेटपासून लांब.

कऱ्हाडकर | रविवार, सायंकाळी ६.००

सातारा जिल्ह्याकडून एक भर. आमचे मामा कल्हईवाल्याला घरी बोलवायचे. पितळी पातेलं भट्टीवर तापलं की तो आत नवसागराची चिमूट टाकायचा, पांढरा धूर भसकन् उठायचा, मग कथील फिरवून कापसाच्या बोळ्यानं पुसलं की पातेलं चांदीसारखं. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराईड. त्यात धातू नाही, तरी आयनिक! "धातू आणि अधातू मिळून आयनिक" हे सूत्र तिथे लागू पडत नाही. आणि तो वितळतही नाही, तापला की अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराईड असे दोन वायू होतात आणि धूर म्हणून परत दिसतात.

माणदेशी | रविवार, सायंकाळी ६.२०

उलटं उदाहरणही आहे. ॲल्युमिनियम क्लोराईडमध्ये धातू आहे, पण ते १८० अंशांच्या आसपासच वाफ होऊन उडतं. छोट्या, तीन भारांच्या ॲल्युमिनियमनं क्लोरीनचे इलेक्ट्रॉन स्वतःकडे इतके ओढलेले असतात की "दिला-घेतला" म्हणण्यापेक्षा भागीदारी म्हणणं जास्त खरं.

वाळव्याची_माती | रविवार, रात्री ८.००

धाग्यात मातीही आली पाहिजे. कृष्णाकाठी आमची दोन एकर जमीन खराब झाली आहे. एप्रिलमध्ये शेतावर पांढरी फुलं येतात, लांबून पीठ सांडल्यासारखं दिसतं. वडील बोटानं उचलून जिभेवर लावायचे आणि म्हणायचे, खारट आहे तोवर आशा आहे. कडू-तुरट आणि निसरडी झाली की चोपण, म्हणजे पाणी न मुरणारी जमीन. निम्म्या तुकड्यात पाणी दिलं तरी मुरत नाही, वर साचून राहतं, वाळलं की दगड. जिप्सम टाकायला सांगतात. सर, जिप्सम म्हणजे आणखी एक क्षारच ना? क्षारावर क्षार का टाकायचा?

विट्याचे_सर | रविवार, रात्री ८.५०

हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे, म्हणून सावकाश लिहितो.

चिकणमातीच्या कणांवर ऋण भार असतो, आणि त्याला धन आयन चिकटून राहतात. तिथे कॅल्शियम असला तर त्याच्या दोन भारांमुळे कण एकमेकांजवळ येतात, ढेकूळ रवाळ होतं, पाणी मुरतं. तिथे सोडियम जास्त झाला तर तो एकाच भाराचा, वर पाण्याचं जाड कोंडाळं घेऊन बसलेला. कण एकमेकांपासून सुटतात, बारीक गाळ होऊन छिद्रं बुजवतात. तुमचं पाणी त्यामुळे साचतं.

जिप्सममधला कॅल्शियम सोडियमची जागा घेतो. सुटलेला सोडियम सल्फेटबरोबर पाण्यात उतरतो, आणि सोडियम सल्फेट चांगलं विरघळतं. ते पाणी शेताबाहेर काढलं तरच उपयोग. चर किंवा जमिनीखालची निचऱ्याची पाईप नसेल तर सोडियम उन्हाळ्यात पुन्हा वर येईल. आणि नुसती खारट जमीन असेल, चोपण नसेल, तर जिप्समची गरजच नाही, चांगलं पाणी आणि निचरा पुरे. म्हणून आधी माती तपासा, सामू (पीएच), ईसी आणि सोडियमचं प्रमाण तिन्ही बघा. वडिलांची जीभ अनुभवी होती, पण दोन एकरांचा खर्च अहवालावर करा.

वाळव्याची_माती | रविवार, रात्री ९.०५

इतकी वर्षं पोती टाकतोय, निचऱ्याचं कुणी असं जोडून सांगितलं नव्हतं. उद्याच नमुना काढतो.

द्राक्षबाग_पलूस | रविवार, रात्री ९.१५

बोर्डो या बुरशीवरच्या फवारणीच्या मिश्रणाचंही सांगतो, ताईंच्या मुलाला आवडेल. एक टक्का बोर्डो म्हणजे शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), एक किलो चुना. प्लॅस्टिकच्या ड्रममध्ये वेगवेगळं भिजवायचं, मग एकत्र. झालं का बघायला लोखंडी खिळा त्यात बुडवतो. खिळ्यावर तांबूस थर आला की तांबं अजून मोकळं आहे, पानं करपतील, चुना वाढवायचा. खिळा स्वच्छ निघाला की फवारणी. आमच्या आजोबांपासून हा खिळा दाराच्या चौकटीत ठेवलेला आहे.

आयर्विन_पूल | रविवार, रात्री ९.३०

मी सकाळी "आधी गुण" म्हणालो होतो. हा खिळा माझ्या मुलीला दाखवायला पलूसला आणू का भाऊ? रविवारी जमेल.

द्राक्षबाग_पलूस | रविवार, रात्री ९.३४

अवश्य या. छाटणीनंतर या, फवारणी सुरू असेल.

तासगावची_लेक | सोमवार, रात्री ८.२०

सगळ्यांचे मनापासून आभार. मुलानं सगळा धागा वाचला. साखरेच्या पाण्यात दिवा लागला नाही, मिठाच्या पाण्यात लागला. वहीत त्यानं बुद्धिबळाच्या पटासारखी घरं काढून अधिक-उणे भरले, आणि मग थांबला. त्याचा आता नवा प्रश्न आहे. खड्याच्या आतल्या आयनाला सहा शेजारी, हे ठीक. पण अगदी वरच्या बाजूला बसलेल्याला? कडेच्याला? कोपऱ्यातल्याला? त्यांचं काय?

विट्याचे_सर | सोमवार, रात्री ८.४५

हे त्यानं स्वतः शोधलं? वा!

सपाट बाजूवरच्या आयनाला पाच शेजारी, कडेवरच्याला चार, कोपऱ्यातल्याला फक्त तीन. ज्याला कमी शेजाऱ्यांनी धरलंय तो आधी सुटतो. त्याला सांगा, खडेमिठाचा एक चौकोनी खडा काचेवर ठेव, शेजारी पाण्याचा एकच थेंब सोड आणि भिंगातून बघत राहा. गणपती पेठेतल्या दादांच्या तुरटीच्या कडा गोल का झाल्या होत्या, तेही कळेल.

तासगावची_लेक | सोमवार, रात्री ९.१०

आत्ताच बघितलं, दोघांनी आळीपाळीनं. चार मिनिटांत कोपरे गोल झाले, मग कडा. मधली सपाट बाजू अजून तशीच चमकतेय. तो भिंग सोडायला तयार नाही, जेवण थांबलंय.